करंजडोह (रिठी)

काटोल,
६ जानेवारी २०२५

प्रिय भूमिताई,

तू म्हणालीस व्हॉइस नोट पाठवायची नाही, दिवसभरात काय पाहिलं ते मेलवर लिहून पाठवायचं. म्हणजे पत्रच झालं की वं हे. एवढं लांब मी शेवटचं पॉलिटेक्निकमध्ये लिहिलं होतं, आणि तेही अर्धं टाकून रायपूरच्या ट्रकमध्ये जाऊन बसलो होतो. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नको.

आता काम. काटोलचा संत्रा बाजार तुमच्या 'फाटा' ॲपच्या नकाशावर टाकला. लवकर झालं असतं, पण तिथे एक बकरी आहे. ती फक्त संत्र्याची सालं खाते, फोड दिली तर थुंकते. खरं आहे का पाहायला तिच्यामागे अर्धा बाजार फिरलो. खरं आहे. बकरीचा ठिपका टाकता येतो का? मग बसस्टँडमागचा आलुबोंडा टाकला. आणि गंमत म्हणून आपलं घर टाकलं: 'मुक्काम. जेवण मिळेल. बोलणी फुकट.' आईच्या फोनवर तुमचं ॲपही घालून दिलं. ती म्हणे, 'हे काय नवीन लावलं?' मी म्हटलं, आता लोकं सहलीला आपल्या घरी येतील. ती म्हणे, 'तू पहिले येत जा.'

अजून एक. कळमेश्वर रस्त्यावर चंपतराव म्हणून म्हातारे आहेत, त्यांची चहाची टपरी आहे. चहा पिऊन उठलो आणि म्हटलं, 'जातो काका.' त्यांनी गाळणी खाली ठेवली.

'काय म्हणला बे पोट्ट्या?'

'जातो म्हणलं.'

'जातो मेलेला म्हणते. जित्या माणसानं येतो म्हणावं. मायनं शिकवलं नाही काय तुले?'

'मेलेला कुठून म्हणंल काका?' मी विचारलं. ते हसले नाहीत.

आईनं शिकवलं होतं गं. शिकवून पस्तावली. ती म्हणते, 'तुह्या येतो म्हणण्याले काही अर्थ नाही गोलू. येतो म्हणून निघाला का चार चार महिने तोंड दाखवत नाहीस.' तर माझ्या डोक्यात आलं, तुझं ते निघायचं बटण, ज्याला नाव सापडत नव्हतं, त्याच्यावर 'येतो' लिही. माणूस ठिकाणावरून निघाला की दाबेल. पत्राच्या शेवटीही आता तेच.

येतो.
गोलू


बेसा, नागपूर,
८ जानेवारी

गोल्या,

बकरीचा ठिपका टाकता येत नाही. फिरणाऱ्या गोष्टी नकाशावर राहत नाहीत. तुझ्यावरून तुला कळायला हवं.

पण 'येतो' घेतलं. आमच्या साहेबांना, केयूर सरांना, 'प्रस्थान' हवं होतं. मी म्हटलं, सर, विमानतळ वाटतो. मग त्यांनाही तुझं पटलं. वर आणखी एक केलं. पाहुणा येतो म्हणाला की घरातला माणूस काय म्हणतो? 'या.' तर आता तू ज्या ठिकाणावरून निघशील तिथल्या यजमानाला निरोप जाईल, 'गोलू येतो म्हणाले', आणि त्याच्याकडे एकच बटण असेल: 'या'. तुमच्या घराची यजमान मावशी, तिला फोनवर समजावून दिलं. तिने लगेच दाबून पाहिलं. कोणी येतो म्हणालं नसताना.

बाकी स्क्रीन आता अशी आहे: नकाशावर दोन जागी बोट ठेवायचं, मधली रेघ उमटते, रेघेच्या आसपासचे ठिपके उजळतात. बोटाने रेघ ओढली की प्रवास बदलतो. आईच्या हातातली लोकर ओढावी तसं वाटलं पाहिजे, हे मी सगळ्यांना सांगून दमले. गावांची नावं सरकारी यादीतून घेतली आहेत. काही नावांपुढे कंसात 'रिठी' लिहिलेलं आहे, त्यामुळे नावं लांबतात आणि एकमेकांवर चढतात. अनिश, आमचा प्रोग्रामर, म्हणाला जुन्या तालुक्याचं नाव असेल. मी ते सगळे कंस काढून टाकले. नकाशा एकदम मोकळा दिसायला लागला.

आता तुझं काम. कळमेश्वर आणि काटोलच्या मधल्या पट्ट्यात ठिपके फार कमी आहेत. करंजडोह म्हणून एक गाव दिसतंय, नदीकाठी. नाव छान आहे. जाऊन ये.

आणि हे नीट वाच. तुला ह्या कामाला लावलं ते माझ्या शब्दावर. केयूर सरांना नव्हे, मावशीला दिलेला शब्द. तिला म्हटलं, फिरायचंच आहे ना त्याला, मग घराभोवती फिरू दे, संध्याकाळी घरी तरी येईल. संक्रांतीला घरी जा.

भूमिताई


कळमेश्वर,
११ जानेवारी

प्रिय भूमिताई,

करंजडोह पाहून आलो. फोटो जोडले आहेत, पण त्यात काही नाही, कारण तिथे काही नाहीच.

फाट्यावरून आत वळलो तर आधी संत्र्याचे बगीचे, मग तूर, मग नुसता पळस. तुझ्या नकाशावरची वाट चांगली रुंद होती. खाली बैलगाडीच्या चाकोऱ्या. मध्ये एक मोर आडवा आला, त्याच्यामागे गेलो, ते सोड. नदीपाशी पोचलो तर गावाचा पत्ताच नाही. घरांची जोती आहेत फक्त, दगडी, गुडघ्याएवढी, ओळीने. जमिनीत पुरलेली उखळं. एक चिंच, तिच्याखाली उघड्यावर मारुती. आणि विहीर.

मी म्हटलं, ताईनं चांगला उल्लू बनवला. एका जोत्यावर बसून संत्री सोलायला घेतली आणि तेव्हा कळलं की मी बसलो ते जोतं सारवलेलं आहे. पँटीला ओलं शेण लागलं. बाकीच्या जोत्यांवर कंबरभर गवत, ह्याच्यावर काडी नाही. पुढे अंगण झाडलेलं. खराट्याच्या रेघा अगदी ताज्या. पण पाऊल एक नाही. मागे मागे सरकत झाडलं असं धर, तरी झाडणारा शेवटी कुठेतरी उभा राहिलाच असेल ना? रेघा अंगणाच्या कडेला येऊन थांबतात आणि पुढे गवत, न तुडवलेलं.

विहिरीत डोकावलो. काठाच्या दगडाला दोर घासून घासून खाचा पडल्या आहेत. दोर नाही, बादली नाही, रहाट नाही. खाचा ओल्या होत्या.

ऊन डोक्यावर होतं, होले घुमत होते. भीती म्हणशील तर नाही वाटली. खरं सांगू? बरं वाटलं. आपण दारात बसलोय आणि कोणीतरी आत्ताच चहा ठेवायला आत गेलंय, तसं.

उठताना सवयीनं मोठ्यानं म्हणालो, 'येतो.' मग मलाच हसू आलं. म्हटलं आता म्हणालोच आहे तर ताईचं बटणही तपासू. फोनवर 'येतो' दाबलं.

लगेच उत्तर. 'या.'

तूच ऑफिसातून दाबलं ना वं? चांगली मस्करी आहे. चिंचेपर्यंत पळत गेलो मी.

येतो.
गोलू


बेसा,
१५ जानेवारी

गोल्या,

संक्रांतीला घरी गेला नाहीस. मावशीने तिळाचे लाडू डब्यात भरून ठेवलेत आणि मला दोनदा विचारलं, 'नकाशात दिसते ना तो? मग कुठी दिसून राहिला?' तिला काय सांगू?

ते 'या' मी पाठवलं नाही. कोणीच पाठवलं नाही. करंजडोहला यजमान म्हणून कोणाचं नावच नाही, म्हणजे ते बटण कोणाच्याच हातात नाही. अनिशने तपासलं. तो म्हणतो चाचणीत असं काहीतरी होतं.

दुसरं. तुझ्या नंबरावरून नकाशा उघडला की कुठलाही प्रवास आखा, रेघ करंजडोहवरून जाते. मी नागपूर ते वर्धा आखून पाहिलं. वर्धा कुठे आणि करंजडोह कुठे. रेघ उलटी गेली, तिथे एक वळसा घेतला आणि मग वर्ध्याला. बोटाने ओढून सरळ केली. बोट उचललं की परत.

ह्याचं कारण मात्र सापडलं. अनिश इंग्रजी शाळेतला. त्याने 'येतो'चा अर्थ 'परत येणार' असा धरला होता आणि जिथे जिथे येतो दाबलं ती जागा माणसाच्या पुढच्या प्रवासात घालून ठेवली होती. मी म्हटलं, अरे बाबा, येतो म्हणजे जातो. तो म्हणे, मग जातो का नाही म्हणत? मी शेवटी म्हटलं, बरं दिसत नाही. त्याने बसून दुरुस्त केलं. सगळ्यांच्या रेघा सरळ झाल्या.

तुझी नाही झाली.

चंपतरावांना विचार, 'रिठी' म्हणजे काय. मी काढलेले कंस होते ना, करंजडोहपुढेही तेच होतं.

आणि घरी जा.

भूमिताई


काटोल रस्ता,
२० जानेवारी

प्रिय भूमिताई,

विचारलं. चंपतराव चहा गाळत होते, हात थांबला.

'कोणती रिठी?'

'करंजडोह.'

'तू गेलता?'

'हाव.'

त्यांनी चहाचा ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता बोलले. 'रिठी म्हणजे गा, कागदावर गाव हाय, गावात माणूस नाही. सरकारच्या दप्तरात नाव चालते, पण चूल पेटत नाही. तुमच्या कंपनीनं ते काहून पुसलं? ते काही नाव नोहे. ती पाटी होय. इथी थांबू नका म्हणून.'

त्यांच्या आजाचं गाव होतं ते. साथ आली, घरंच्या घरं गेली, उरलेले एका सकाळी निघाले. 'निघतानी एकेकानं मारुतीले हात लावला अन् म्हणला, येतो. जातो कोणाच्या तोंडून निघालं नाही. कसं निघंन? मग गावानं काय समजावं? ते अजून दारात उभं हाय.'

'तुम्ही गेले नाही कधी?'

'मी काहून जाऊ? येतो माह्या आजानं म्हणलं होतं. मी नोहे म्हणलं.' मग म्हणाले, 'तू म्हणला काय?'

मी म्हटलं, नाही. का खोटं बोललो माहीत नाही.

आता तुला वाटेल पोरगं घाबरलं. नाही. दुसऱ्या दिवशी तुझं ऐकून आईकडेच निघालो. गाडी पंक्चर होती म्हणून कळमेश्वरहून बस धरली, तिकीट काटोलचं. शेजारी एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती, एका कोंबडीचं नाव राणी. मला डुलकी लागली. कंडक्टरनं खांद्याला हात लावला, 'करंजडोह फाटा, चला उतरा.' मी अर्धवट झोपेत उतरलोही. बस गेल्यावर ध्यानात आलं की त्या फाट्याला असं नाव कोणी देत नाही. पाटीच नाही तिथे.

आता आलोच आहे म्हणून आत गेलो. मी टाकलेली संत्र्याची सालं कोणीतरी गोळा करून जोत्याच्या कोपऱ्यात नीट वाळत घातली होती, आई घालते तशी, चुलीत घालायला. अंगणाच्या बाजूला तीन दगडांची चूल. राखेत हात घातला. कोमट. आणि भाकरीचा वास. तूच सांग, असा वास आल्यावर माणूस कुठे जाईल?

पुष्कळ वेळ बसलो. निघताना बटण दाबलं. 'येतो.' दाबायला नको होतं, पण न सांगता उठणं बरं दिसत नाही.

ह्यावेळी 'या' नाही आलं. आलं, 'ये.'

पाहुण्याचा घरचा झालो म्हणायचं.

येतो.
गोलू


बेसा,
२३ जानेवारी

गोलू,

हे वाचलं की जिथे असशील तिथून निघ आणि माझ्याकडे बेसाला ये. आईकडे गेलास तरी चालेल. पण तिकडे जाऊ नको.

'ये' असं बटण ह्या ॲपमध्ये नाही. मी बनवलेलं नाही. मी प्रत्येक बटण स्वतःच्या हाताने बनवलं आहे. यजमानाच्या बाजूला एकच शब्द आहे, 'या'. पाहुण्याला कोणी 'ये' म्हणत नाही म्हणून.

करंजडोहचा ठिपका मी पुसला. जेवून आले तर परत होता. अनिशने मुळातून काढला. माझ्यासमोर परत आला, आधी फिकट, मग ठळक, पाण्यातून वर आल्यासारखा. अनिश त्यानंतर घरी निघून गेला. मी केयूर सरांना सांगितलं, सव्वीस जानेवारीला ॲप लोकांना द्यायचं नाही. ते चिडले. चिडू देत.

काल मावशीचा फोन आला. खूश होती. म्हणाली, 'गोलूशी बोलली मी. घरीच आहे म्हणे.' मी विचारलं, मावशी, घरात आहे का तो? ती म्हणाली, 'नाही गं. मी घरात आहे. तो नाही. पण तो घरीच आहे म्हणला.'

तू घर कशाला म्हणतोस?

मुख्य रस्त्याने ये. फोन बंद ठेव. नकाशा उघडू नको.

भूमिताई


करंजडोह फाटा,
२७ जानेवारी

प्रिय भूमिताई,

बेसाला यायलाच निघालो होतो. तुझी शपथ. पहिल्यांदा पंक्चर काढून गाडीवर, मुख्य रस्त्याने. मग कळमेश्वरच्या एमआयडीसीमधून. मग एका ट्रकवाल्याला सांगितलं, भाऊ, सीताबर्डीला सोड. तो चांगला बोलका होता, त्याच्या सासऱ्याच्या म्हशीबद्दल सांगत होता. प्रत्येक वेळी चिंच दिसली.

पण रागावू नको, मला त्रास काही नाही. सिंधूताई म्हणून आहेत इथे. त्यांनी तिळगूळ दिला. मी म्हटलं, संक्रांत गेली की. तर म्हणाल्या, 'तुह्यासाठी ठेवला होता.' त्यांचा चेहरा अजून नीट पाहिला नाही. त्या उन्हात उभ्या असतात आणि ऊन डोळ्यावर येतं.

धोंडबा म्हणून एक आहेत, ते म्हणतात लेकरू लय फिरलं, आता बसू द्या. मला वाटलं होतं एका जागी बसलं की पाय वळवळतील. नाही वळवळत. हे पत्र पाहा ना. मी कुठे भरकटलो तरी का?

येतो.
गोलू


बेसा,
१ फेब्रुवारी

गोल्या, माझ्या राजा,

आम्ही आलो होतो. तुला माहीत आहे का?

आधी चौकीत गेलो. त्यांनी तुला फोन लावला, तू उचललास, घरीच आहे म्हणालास. पुढे कोणाला काय सांगणार? मग मी आणि मावशी चंपतरावांकडे गेलो. ते यायला तयार नव्हते. मावशी त्यांना म्हणाली, 'भाऊ, तुमच्या आजानं म्हणलेलं तुमच्याच्यानं झालं नाही. माह्या पोरानं म्हणलेलं तो करून राहिला. त्याच्याकडे पाहून तरी चला.' ते चपला घालून निघाले.

भर दुपार होती. तुझी गाडी चिंचेला टेकवलेली, हेल्मेट फांदीला. गाडीवर धूळ नाही, कोणीतरी पुसलेली. सारवलेली जोती आता दोन आहेत. आम्ही हाका मारल्या. मग मी तुला फोन लावला आणि तू म्हणालास, 'काहून ओरडून राहिली वं ताई? अंगणातच तर आहे मी. तुह्यासमोर.' अंगणात आम्ही तिघं होतो. खराट्याच्या रेघांवर आमचीच पावलं. मावशीने माझ्या हातातून फोन घेतला आणि तू घरी असलास की दारातून ओरडते तशी ओरडली, 'गोलू, जेवाले चाल.' तू म्हणालास, 'जेवलो आई.' तिथून चालताना तिच्या पायात काटा मोडला, तिला कळलाही नाही.

निघताना चंपतरावांनी आम्हाला तोंड उघडू दिलं नाही. 'काही म्हणू नका. येतो नाही, काही नाही. तोंड मिटून निघा.' आणि रस्त्याला लागल्यावर म्हणाले, 'त्याचं त्यानंच सुटलं पायजे. त्यानं जातो म्हणलं पायजे. आपण म्हणून होत नाही.'

तुझ्या तोंडून ते निघणार नाही, मला माहीत आहे. तोंडावर जातो म्हणायची आपल्याला लाज वाटते. म्हणून बटण केलं. मी पुसलेला तो कंस, 'रिठी', सगळ्या गावांपुढे परत लावला. आणि नियम घातला: ज्या नावापुढे रिठी असेल तिथे 'येतो' दिसणारच नाही. तिथे 'जातो' दिसेल. केयूर सर म्हणाले, असलं बटण कोण दाबेल? मी म्हटलं, एकानेच दाबायचं आहे.

तुला बोलायचं नाही काही, विचार करायचा नाही. नकाशा उघड. जिथे कंसात रिठी दिसेल त्या नावावर बोट ठेव आणि दाब. एवढंच कर. बाकी मी पाहते. मावशीने लाडवांचा डबा अजून उघडलेला नाही.

भूमिताई


करंजडोह,
३ फेब्रुवारी

प्रिय भूमिताई,

आईच्या पायातला काटा निघाला का? मला दिसला होता. काढायला खाली वाकलोही होतो, पण ती पुढे चालत गेली.

तुम्ही काही न बोलता निघून गेलात, ते इथे कोणाला आवडलं नाही. सगळे दारात आले होते. वाटलं होतं जाताना कोणीतरी येतो म्हणेल. सिंधूताईंचं तोंड 'या' म्हणायला उघडलेलं होतं, ते बराच वेळ तसंच राहिलं.

तुझं बटण आलं. सांगितलंस तसंच केलं, विचार केला नाही. नकाशा उघडला. तो आता इथूनच उघडतो, करंजडोह मधोमध असतं. नुसतं करंजडोह. त्याच्यापुढे काही नाही, तू आधी केलं होतंस तसंच. कंस आहेत, पण बाकीकडे. काटोल (रिठी). कळमेश्वर (रिठी). बेसा (रिठी). नागपूर (रिठी). नावं लांब असूनही एकमेकांवर चढत नाहीत. मध्ये पुष्कळ जागा आहे. तू म्हणायचीस तसा नकाशा एकदम मोकळा दिसतो.

आधी वाटलं, अनिशचं काहीतरी चुकलं. सिंधूताईंना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, 'बरोबर आहे बाबू. तिथी पहिले गाव होतं.' मग मला तुम्ही आलात तेव्हाचं आठवलं. तुम्ही तिघं उन्हात उभे होतात, तोंडं हलत होती आणि पावलांचा आवाज येत नव्हता. तुमच्या मागचं गवत तुमच्यातून दिसत होतं. मी घाबरलो होतो ताई, पण फोनवर तुला कसं सांगू?

काटोलवर बोट ठेवलं. तिथे आपल्या घराचा ठिपका आहे, मीच टाकलेला. मुक्काम, जेवण मिळेल, बोलणी फुकट. बटण आलं. आई म्हणायची ना, खोटं येतो म्हणू नको. तिला जन्मभर तेच म्हणत आलो आणि प्रत्येक वेळी तिने खरं मानलं. म्हटलं ह्यावेळी तरी खरं तेच म्हणावं. दाबलं. मग बेसावरही दाबलं.

आईच्या फोनवर निरोप गेला असेल. ती 'या' शोधत बसेल. जातो म्हणणाऱ्याला काय म्हणायचं, त्याचं बटण तू बनवलं नसशील. मलाही माहीत नाही काय म्हणतात.

लाडू तिने कोणाला तरी देऊन टाकावेत.

इकडे पानं वाढून झाली. हाक मारून राहिले.

जातो.
गोलू